बर्फवाल्याचं डिझेल

समुद्रात कुठेतरी लांब कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तेव्हा सगळं बंदर आपापल्या कामात होतं. धास्ती घेतली ती एकट्या बर्फवाल्याने. सकाळी उठल्या उठल्या तो मोबाइलवरचा नकाशा उघडून बसला होता. निळ्या पाण्यावर एक हिरवट डाग, आणि त्याच्या मधोमध पिवळा ठिपका.

"अहो, चहा गार होतोय," बायको म्हणाली.

"पिवळं पडायला लागलंय."

"काय?"

"वादळ."

बायकोने वाकून नकाशा बघितला. "एवढंसं तर आहे. अजून त्याचं बारसंसुद्धा झालेलं नाही, आणि तुमची झोप उडाली."

"नाव पडेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो," बर्फवाला म्हणाला, आणि गार चहा एका घोटात पिऊन उठला.

त्याची भीती अगदीच उगाच नव्हती. धक्क्याला लागूनच त्याचा बर्फाचा कारखाना. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे उभे करायचे, त्यात गोडं पाणी गोठवायचं, लाद्या काढायच्या, फोडायच्या आणि मासे धरायला जाणाऱ्या बोटींच्या पोटात भरायच्या, हा त्याचा धंदा. काही वर्षांपूर्वीच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले. जनरेटर चालला, पण डिझेल संपलं आणि गावातला पेट्रोलपंपही कोरडा पडला. मग कारखान्यातला सगळा बर्फ वितळून फाटकाखालून समुद्राकडे वाहत गेला. बर्फवाला पँट दुमडून घोटाभर पाण्यात उभा होता, आणि येणारा जाणारा विचारत होता, "काय शेठ, समुद्र गार करायला घेतलाय का?" नुकसान तो पुढे विसरला, पण हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. तेव्हाच त्याने कानाला खडा लावला होता, की पुन्हा म्हणून डिझेल कमी पडू द्यायचं नाही.

म्हणून त्या दिवशी तो कारखान्यात न जाता तडक पंपावर गेला. पंप त्याच्या व्याह्यांचा. मुलगी त्या घरात दिलेली. दोन्ही व्याही एकमेकांशी इतके जपून वागत, की साधं पाणी मागतानाही दोन वाक्यांची प्रस्तावना करत.

"या, या, व्याही! अलभ्य लाभ. बसा. काय घेणार?" काचेच्या केबिनमध्ये व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"डिझेल," बर्फवाला म्हणाला.

व्याही हसले. समोरचा माणूस हसत नाही हे बघून त्यांनीही तोंड मिटलं. "किती हवंय?"

"किती आहे?"

"अहो, वादळ येणार की नाही हेच अजून नक्की नाही. शिवाय एकदोन दिवसांत टँकर येतोय."

"टँकर कुठून येतो? डेपोतून. डेपोत तेल कुठून येतं? जहाजातून. आणि जहाज?" बर्फवाल्याने काचेतून दिसणाऱ्या समुद्राकडे बोट केलं.

व्याह्यांनीही तिकडे पाहिलं. "पण बोटवाल्यांसाठी राखून ठेवावं लागतं मला."

"वादळात बोटी बाहेर पडतात का? नाही ना! मग त्यांना डिझेल कशाला? बर्फाचं तसं नाही. वादळ ओसरलं की पहिली धाव माझ्याकडे."

हा हिशेब वरून बघता चोख होता. त्यातलं भोक दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. तरी व्याही घुटमळतायत हे पाहून बर्फवाल्याने शेवटचं हत्यार काढलं. "पोरीची आई काल म्हणत होती, आपल्या व्याह्यांनी आजवर कधी शब्द खाली पडू दिलेला नाही." पोरीची आई काल असलं काही म्हणाली नव्हती.

व्याह्यांनी मोठा उसासा सोडला. "कारखान्याच्या परवान्यात बसतं तेवढं देतो."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं नात्यात बसवू," व्याही खोल आवाजात म्हणाले.

निळी पिंपं टेम्पोत चढली. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून बर्फवाल्याने वरून ताडपत्री टाकली, आणि तिथेच घोटाळा झाला. उघड्या पिंपांकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. झाकलेल्या पिंपांकडे अख्खा रस्ता बघत राहिला. न्हावी तर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून दारात आला. "शेठ, काय विशेष?"

"काही नाही रे. आपली थोडी तयारी."

तयारी! एवढा एक शब्द पुरला. बर्फशेठ तयारी करतायत म्हणजे त्यांना काहीतरी कळलंय, आणि पंपवाले तर त्यांचे सख्खे व्याही. दुपार व्हायच्या आत पंपावर रांग लागली. स्कूटर आल्या, मोटारी आल्या, ट्रक आले, कॅन आणि बाटल्या घेऊन माणसं आली. बेकरीवालाही दोन रिकामे डबे घेऊन उभा होता. त्याची भट्टी विजेवर चालते आणि तो स्वतः सायकलवर फिरतो. कशाला उभा आहेस असं विचारलं तर म्हणाला, "सगळे उभे आहेत ना!" दिवस मावळायच्या आत पेट्रोलही संपलं आणि डिझेलही.

ती रांग टीव्हीवर दाखवली. ती बघून शेजारच्या गावांत रांगा लागल्या, आणि मग त्याही दाखवल्या.

"बघ!" बर्फवाला सोफ्यावरून ओरडला. "मी म्हणत नव्हतो?"

"बघतेय ना," बायको म्हणाली. "एवढ्या मोठ्या रांगेत पहिला माणूस तेवढा दिसत नाहीये. तो माझ्या सोफ्यावर बसलाय."

वादळाला रीतसर नाव मिळालं. एखाद्या शांत, गुणी मुलीला शोभावं असं. ते फुगलं, नकाशावर लालभडक झालं. बंदरात लाल बावटा लागला, बोटी दोरांनी घट्ट बांधल्या गेल्या. बर्फवाला पिंपांच्या आजूबाजूला पहारेकऱ्यासारखा फिरत होता. आणि मग वादळाच्या काय मनात आलं कोण जाणे, त्याने भर समुद्रातच वळण घेतलं, दोन दिवस पाण्यावर पाऊस पाडला आणि ते विरून गेलं. इथे एक पत्रासुद्धा हलला नाही. वीज तर इतकी अखंड राहिली की लोकांना नवल वाटलं. वादळाच्या धास्तीने वीजखात्याने तारांवर आलेल्या फांद्या पहिल्यांदाच वेळेवर छाटल्या होत्या.

लाल बावटा उतरला. ऊन पडलं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत. पण धक्क्यावरून एकही बोट हलली नाही.

कारखान्यातला मिस्त्री कपाळाला आठ्या घालून आला. "शेठ, लाद्या तयार आहेत, पण काढून ठेवू कुठे? शीतघर छतापर्यंत भरलंय. मशीन बंद करू का?"

"बंद? आपण वादळातसुद्धा बंद करणार नव्हतो!"

"वादळ असतं तर केलंच नसतं," मिस्त्री म्हणाला. "ऊन आहे म्हणून विचारतोय."

तेवढ्यात मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, स्वतःची बोट असलेला. "भावजी, टाकी कोरडी ठाक आहे. पिंपातलं थोडं द्या. मासळी समोर नाचतेय आणि आम्ही धक्क्यावर पत्ते कुटतोय."

"थांब रे जरा. वादळं कधीकधी उलटी फिरतात."

"भावजी, ते आता बातम्यांतूनसुद्धा गेलं!"

"मग टँकर येईल."

"कुठला टँकर? सगळीकडे रांगा लागल्या, म्हणून डेपोवाले आधी मोठ्या शहरांना देतायत. आपला नंबर शेवटी. पंपावर जाऊन आलो ना मी. तुमचे व्याही हात जोडून उभे होते. लोक तोंडावर म्हणतायत, यांनी माल दडवला. काल कुणीतरी केबिनची काच फोडली."

विषय बदलावा म्हणून बर्फवाला म्हणाला, "माझंही काही बरं चाललेलं नाही. एवढा बर्फ पडून आहे, कुत्रं विचारत नाही."

"एरवी कोण घेतं तो?"

"कोण म्हणजे? तुम्हीच. बोटवाले."

"मग आम्ही का घेत नाही?"

बर्फवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याची नजर मेव्हण्याच्या खांद्यावरून अंगणात गेली. तिथे निळी पिंपं भिंतीला पाठ लावून शहाण्या मुलांसारखी ओळीने उभी होती. बर्फ टिकावा म्हणून त्याने डिझेल भरलं होतं, आणि ते भरलं म्हणूनच बर्फ पडून होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यात मुलीचा फोन आला. "बाबा, इथे सगळे माझ्याशी फार गोड बोलतायत. सासरे तर चारचारदा विचारतात, तुला काही हवंय का. मला भीती वाटायला लागलीय. काय असेल ते मिटवा."

त्याने फोन ठेवला आणि मिस्त्रीला हाक मारली. "फाटक उघड. बर्फ घेईल त्याला डिझेल. पंपाच्याच भावात."

तासाभरात कारखान्यासमोर बोटवाल्यांची झुंबड उडाली. एकीकडून नळीने डिझेल, दुसरीकडून फोडलेला बर्फ. बोटी गेल्या आणि मासळीने वाकून परत आल्या. आणि बंदरात एकच चर्चा सुरू झाली: बर्फशेठ होते म्हणून वाचलो. पंपवाल्याने हात वर केले, पण शेठनी आधीच ओळखून आपल्यासाठी साठवून ठेवलं होतं! न्हाव्याने तर त्याची दाढी फुकट केली, आणि मान डोलावत म्हणाला, "शेठ, तुम्ही तयारी म्हणालात तेव्हाच मी ओळखलं होतं."

दाढी फुकट झाली खरी, पण बर्फवाल्याला ती सबंध वेळ टोचत राहिली. बोटवाल्यांच्या संघटनेने सभा बोलावली, त्याला व्यासपीठावर बसवलं. व्याही शेवटच्या रांगेत, खांबाआड अंग चोरून बसलेले. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. बर्फवाल्याने माइक हातात घेतला आणि मनाचा हिय्या केला.

"हे बघा, खरं सांगतो. व्याह्यांनी काही दडवलं नाही. होतं त्यातलं बरंचसं मीच नेलं. माझ्या बर्फासाठी. तुमची मला आठवणही नव्हती. रांग लागली तीही माझ्यामुळेच."

अध्यक्ष डोळे पुसत उठले. "बघा! मोठी माणसं श्रेय घेत नाहीत, ती अशी! आणि आता कळलं, की एवढा साठा शेठच्या हाती विश्वासाने सोपवणारे त्यांचे व्याहीही तेवढेच मोठे. त्यांना पुढे आणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो, नीट ऐका तरी!" बर्फवाला माइकमध्ये ओरडला, तशा टाळ्या आणखी वाढल्या. व्याह्यांना जवळजवळ उचलूनच व्यासपीठावर आणलं. फुटलेली काच संघटनेने भरून द्यायची ठरली. शिवाय बंदराची आपत्ती समिती नेमली आणि दोघा व्याह्यांना तिच्यावर बिनविरोध घेतलं.

पहिल्या रांगेत बर्फवाल्याची बायको तोंडाला रुमाल लावून बसली होती. गहिवरली असेल, असं बाजूच्या बाईला वाटलं.

सभेनंतर दोघे व्याही बरोबरच बाहेर पडले आणि धक्क्याच्या कडेने चालू लागले.

"व्याही," पंपवाले म्हणाले, "राग मानू नका, पण एक विनंती आहे. पुढच्या खेपेला समुद्रात काही दिसलं, तर आधी माझ्याकडे येऊ नका."

"मग कुणाला सांगू?"

"पोरीच्या आईला सांगा. आणि त्या जे म्हणतील ते तेव्हा तरी खरंच त्यांनी म्हटलेलं असू द्या."

बर्फवाला चालता चालता थबकला. मग मान खाली घालून म्हणाला, "चला, घरी चहा घेऊ."

"चला," व्याही म्हणाले. "पण गाडी तुमची काढा. माझ्या गाडीत थेंब नाही."