अडतीस बोल्ट

बॅटरीतल्या बारा डब्यांपैकी सातव्याचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा चार शतांश व्होल्टने कमी होतं. फरक एवढाच, पण दोन लाख किलोमीटर धावलेली टॅक्सी त्यापायी चढावर धापा टाकत होती. गाडी आमच्या कारखान्याची, बॅटरी मी आखलेली.

आमची प्रतिस्पर्धी कंपनी बॅटरीचं झाकण आणि डबे चिकटवून टाकते. वजन कमी, गाडी स्वस्त, विक्री आमच्या तिप्पट. एक डबा बिघडला की अख्खी बॅटरी बदलायची. मी मात्र झाकणाला अडतीस बोल्ट ठेवले होते. कोणती वाट धरायची, यावर कारखान्याचा मालक, म्हणजे माझा मोठा भाऊ, अकरा महिने एकच उत्तर देत होता: "बघू." विक्री सांभाळणाऱ्या दाजींनी, ताईच्या यजमानांनी, शेवटी चिकटवण्याच्या यंत्राचा करारच तयार करून आणला. आज सही झाली असती, तर माझी बॅटरी कायमची बंद झाली असती.

"लॅबमध्ये सगळंच जमतं," दादा सकाळी मला म्हणाला. "रस्त्यावर दाखव."

म्हणून आम्ही तिघं टॅक्सीवाल्याच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये उभे होतो. तिथल्या मिस्त्रीने आमची बॅटरी कधी उघडली नव्हती. मी त्याला जाड रबरी हातमोजे आणि चार पानी सूचना दिल्या. हातमोजे त्याने घातले. सूचना वारा घ्यायला टॅक्सीवाल्याला दिल्या.

"मेव्हणीबाई, संध्याकाळपर्यंत झाकण लागलं तर मी मिशी काढीन," दाजी म्हणाले.

"जपून बोला," दादा म्हणाला. "मिशी सोडली तर तुमच्या तोंडावर बघण्यासारखं आहे काय?"

मिस्त्रीने वीज तोडणारा खटका ओढला, बॅटरी खाली उतरवली. मग एक रिकामा खोका फाडून त्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढली. निघेल तो बोल्ट तो पुठ्ठ्यावर त्याच्याच जागी खोचत गेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जो जिथला, तो तिथं. ताई, तुमच्या बोल्टांची मापं दोन आहेत. कोपऱ्यातले चार बोल्ट दोन मिलिमीटरने लांब. त्यातला एखादा मध्ये लागला तर खालची, बॅटरी थंड ठेवणारी पाण्याची नळी फुटेल. एकच माप ठेवायला काय धाड भरली होती?"

माझे कान तापले. लॅबमध्ये प्रत्येक बोल्टाला नंबर घातलेला कप्पा आहे. तिथे ही चूक होऊच शकत नव्हती, म्हणून चार वर्षांत ती कुणाला दिसलीही नव्हती.

"बघा!" दाजी खुलले.

कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे दादाने बोट दाखवलं. "ही कुणाची?"

"तुमच्या स्पर्धकांची. हिचाही एकच डबा गेलाय. उघडायला गेलो, तर झाकणाचे तुकडे हातात आले. तीन महिने झाले, नव्या बॅटरीची वाट बघतेय."

सातवा डबा निघाला, नवा बसला. पुठ्ठ्यावरचा एकेक बोल्ट आपल्या घरी परतला. मी घड्याळ पाहिलं: एक तास बावन्न मिनिटं. मीटर लावला. बाराही आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखे. मी ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

"बसा सगळे," टॅक्सीवाला म्हणाला. "चढच दाखवतो."

चौघांचं वजन घेऊन गाडी चढाला लागली, आणि वेग काटाभरही उतरला नाही. पुढचा ट्रक मागे पडला तसा टॅक्सीवाल्याने जोरात हॉर्न वाजवला. मी शाळकरी मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. दाजींचा हात आपोआप मिशीकडे गेला.

मागच्या सीटवर दादाच्या मांडीवर मिस्त्रीचा पुठ्ठा होता. वर पोहोचेपर्यंत तो त्यातल्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. गाडी थांबल्यावर त्याने खिशातला करार काढला आणि सही न करताच दाजींच्या हातात ठेवला.

"बोल्टच," दादा म्हणाला. "अडतीसच्या अडतीस. आणि माप एकच."