कुळाबाहेरचा रोट

श्रावणात घरी कानबाई देवी बसायच्या आधीच गजेंद्रनं बहिणीला सांगून टाकलं होतं: पोरीला देवाधर्माचं वळण लाव, नाहीतर दुसरीकडे खोली बघ. दिंडोलीतलं ते घर त्याचं, कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभं राहून बांधलेलं. रंजना सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून, दोन वर्षांची हर्षदा कडेवर घेऊन तिथं आली होती. साड्यांना टिकल्या चिकटवून ती दोघींचं भागवायची, पण देवापुढे हात जोडायची नाही. सासरी सोळा सोमवार केले आणि सोळाही सोमवारी मार खाल्ला, एवढंच ती त्यावर बोलायची.

तिनं हर्षदाला शुभंकरोती शिकवली नाही. खोटं बोलायचं नाही आणि भुकेल्याला पाठ दाखवायची नाही, इतकंच शिकवलं.

मंगलाबाईला, रंजनाच्या आईला, हे कधी पटलं नाही. "आपुन नसूत तवय पोरले कोन देखी?" ती विचारायची. "वर कोन्ही देखस, आसं वाटाले पाहिजे ना."

रंजना टिकलीवर बोट दाबून धरायची. "तिची तीच बघेल, आई."

पार गोडादऱ्याच्या वस्तीपर्यंत कानबाईची गाणी म्हणायला मंगलाबाईला बोलावणं यायचं. लूमवरून कापड उतरावं तशी तिच्या तोंडून ओवी उतरायची, न तुटता. आईकडून आलेल्या ओव्या संपल्या की ती स्वतःच्या जोडायची, आणि कुठली आईची नि कुठली तिची, हे कुणाला कळायचं नाही. त्यातली एक हर्षदाची फार लाडकी. जेवताना, दप्तर भरताना, जिन्यावर स्वप्नाबरोबर खेळताना पोर तीच गुणगुणायची:

*मन्ही कानबाई माय, तिन्हं मोठं से आंगन,*
*भुक्यं पोर कोन्हं बी ऱ्हावो, तेले वाढस जेवन.*

स्वप्ना म्हणजे समोरच्या केशरबाईची नात. केशरबाईचं घर बौद्धांचं. रंजना तयार साड्या पोचवायला गेली की हर्षदा दुपारची तिथंच जेवायची. मंगलाबाईला ते ठाऊक होतं. आपल्याकडून तिकडे कधी वाटीभर काही गेलं नाही, हेही ठाऊक होतं.

कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या गड्यामागे सव्वा शेर मोजतात. बायका त्या मापात नसतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, कणभरही कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही. दिलेली लेक कुळाबाहेरची, तिची लेकही. म्हणून रंजनानं पीठ मळलं, रोट भाजले आणि बाजूला बसून गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजी साध्या पोळीशी खाल्ली. हर्षदानंही. आजी, मला का नाही, असं तिनं एकदा विचारलं. कुळाचार से बेटा, म्हणून मंगलाबाईनं तिच्या ताटात भाजी जरा जास्त वाढली.

सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन सगळे विसर्जनाला तापीवर गेले. रंजना साड्या पोचवायला गेली. हर्षदा शाळेतून दुपारी आली तेव्हा घरात कुणी नव्हतं, फक्त शेजारीण ओट्यावर राखणीला बसलेली.

संध्याकाळी गजेंद्रनं टोपलीवरचं फडकं काढलं तर एक रोट कमी. भाऊबंदकीतले वडीलधारे सुकलालभाऊ पाटावर बसलेले, बायका भिंतीशी. कुणी पोराटोरांकडे वळून बघायच्या आत हर्षदा पुढे आली.

"मामा, मी घेतला."

"खाल्लास तू?"

"नाही. मला चालत नाही ना." पोरीनं नियम नीट पाळला होता. "स्वप्नाला दिला. तिचे आजोबा सिव्हिलमध्ये आहेत. सगळे तिकडे गेलेत, ती सकाळपासून उपाशी होती."

भिंतीशी बसलेल्यांत एकीनं तोंडाला पदर लावला. कुठं गेला रोट, कुणाच्या घरात गेला, असं कुजबुजत एकीकडून दुसरीकडे गेलं. सुकलालभाऊंनी डोळे मिटून घेतले. गजेंद्र रंजनाकडे वळला. ती नुकतीच आली होती, पिशवी अजून हातातच होती. बघ तुझं वळण, तो म्हणाला. ज्या आईला देव नाही तिची पोरं अशीच निपजायची, कुळ बाटवायची. मग पोरीला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं, आईनं?

"नाही. आजीच्या गाण्यात आहे." आणि पोरीनं ती ओवी म्हणून दाखवली, तिथंच, रिकाम्या चौरंगापुढे. एक शब्द चुकली नाही.

सुकलालभाऊंनी डोळे उघडले. "काय वं वहिनी, कानबाईन्या गाणामा आशी ओवी से का?"

मंगलाबाईला सगळं एकदम दिसलं. भिंतीशी बसलेल्या, पुढच्या श्रावणात बोलावणं पाठवणाऱ्या किंवा न पाठवणाऱ्या बायका. लेकाचं लाल झालेलं तोंड. ही ओवी मी जोडली, एवढंच म्हणायचं होतं.

"नही भाऊ," ती म्हणाली. "आशी ओवी नही. पोर मनचं बोलस."

गजेंद्रनं पोरीच्या कानाखाली वाजवली. आता खोटंही शिकली, म्हणाला.

हर्षदा रडली नाही. ती आजीकडे बघत राहिली, गणितात चुकीची खूण का पडली ते न कळलेल्या पोरीसारखी. रंजनानं पिशवी खाली ठेवली आणि आईकडे बघत पोरीला जवळ घेतलं. ती ओवी तिनंही सहा वर्षं ऐकली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईचा मुलगा प्रफुल्ल टेम्पो घेऊन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, एक खोली मिळाली होती. सामान फार नव्हतंच: एक गादी, थोडी भांडी, टिकल्यांचे डबे. मंगलाबाई दाराशी उभी राहून म्हणत होती, पोरीला इथं ठेव, शाळा बुडेल, गजेंद्रचा राग चार दिवसांचा.

रंजना डब्यांना दोरी बांधत होती. गाठ आवळून ती म्हणाली, "मी तिला एक गोष्ट पक्की सांगितली होती, आई. देवाचं मला माहीत नाही, पण तुझी आजी खोटं बोलत नाही." मग गादी उचलून ती जिना उतरली.

हर्षदा दप्तर घ्यायला परत वर आली. खोलीत दोघीच. तिनं हळूच विचारलं, "आजी, ती ओवी आहे ना गं?"

ऐकायला कुणी नव्हतं. सुकलालभाऊ नव्हते, गजेंद्र कामावर होता. मंगलाबाईनं पोरीच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"जा बेटा," ती म्हणाली. "टेम्पो थांबेल से."

पुनवेच्या आदल्या दिवशी उरलेले रोट संपवायला भाऊबंद जमले. घर पुन्हा पवित्र करून घेतलं होतं, गोमूत्र शिंपडलं होतं. मंगलाबाईला गाण्याचा आग्रह झाला. ती गायली. गळा तसाच, पट्टी तशीच. आणि ती ओवी जिथं यायची तिथून पुढच्या ओवीवर गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. सुकलालभाऊ तर म्हणाले, वहिनी, अशी श्रद्धा आहे म्हणून घरातली पोरं वळणावर राहतात.

तिनं मान हलवली. वाट्याचा रोट सात दिवसांचा, दुधात बुडवला तरी मऊ होईना. घास तोंडात फिरत राहिला. रोटाचा कण टाकायचा नसतो, तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

तिनं तो गिळला.