कोळंबीची किळस

मित्रांनो, मोरा बंदरावरच्या दिपिकाच्या आतड्याच्या अस्तरात राहणारी मी एक म्हातारी मास्ट पेशी आहे. माझ्या पोटात हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाच्या पुरचुंड्या ठासून भरलेल्या असतात. जंत आले की त्या फोडायच्या, हे माझे काम. पण मला जंतांहून जास्त किळस होती ती कोळंबीची! माझ्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडे आकड्यांसारखी रोवलेली होती. कोळंबीचे प्रथिन दोन आकड्यांत अडकले, की मी सारे ओकून टाकत असे. दिपिकाच्या अंगभर गांधी उठत, उलट्या होत.

घर कोळ्यांचे. काकी रंभा नाक मुरडायची. "कोल्याची पोर नं कोलंबी नाय खात? नखरं हायेत सगलं!"

एका दुपारी तिने सुकी कोळंबी वाटून कालवणात घातली आणि न सांगता दिपिकाला वाढली. त्या वाटीची मला अजून शिसारी येते. पोरीचा घसा आवळला, ओठ निळे पडले. वडील काशिरामांनी तिला उचलून दवाखान्यात पळवले. मांडीत इंजेक्शन बसले, म्हणून ती वाचली.

पुढे पनवेलच्या डॉक्टर निशा म्हणाल्या, "हळूहळू सवय लावू. पण इथेच, माझ्यासमोर."

"परत त्याच इख देनार, बाय?" काशिरामांनी विचारले.

"बाबा, मला बाजारात आईजवल कोलंबी इकायला बसायचंय," दिपिका म्हणाली.

चिमटीतही धरता येणार नाही इतकीशी कोळंबीची भुकटी पोटात आली. शी! मी चडफडले, पण एवढ्याशाने पुरचुंड्या फुटेनात. मात्रा थोडी थोडी वाढत महिने गेले. नियामक टी पेशी आल्या आणि इंटरल्युकिन-दहा हा शांत राहण्याचा निरोप सोडू लागल्या. मग आयजीजी-चार ही नवी प्रतिपिंडे आली. कोळंबीचे प्रथिन ती वाटेतच धरत. जे निसटे, त्याच्यासोबत तीही माझ्या अंगावरच्या दुसऱ्या एका ग्राहीला, म्हणजे निरोप आत नेणाऱ्या पकडीला, चिकटत. तो ग्राही ओढला गेला, की आतले एक विकर माझी पेटलेली ठिणगी विझवून टाकी. किळस यायची, ओकारी मात्र यायची नाही.

शेवटी दिपिकाने डॉक्टरांसमोर अख्खी कोळंबी चावली. मी गप्प होते.

"शी! कसली घान लागते ही!" ती तोंड वेंगाडून म्हणाली.

काशिराम हसता हसता रडू लागले.

मित्रांनो, हा उपचार घरी करून पाहू नका. आणि कुणी "मला हे चालत नाही" म्हटले, तर त्याच्या ताटात ते चोरून वाढू नका. आम्ही पेशी शांत व्हायला शिकतो, पण तोवर ते माणूस जगले पाहिजे.