खोटी खुडूक

मी लंगडी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण नागोराव ओट्यावर विडी ओढत बसलेत आणि आज रविवार आहे. रविवारचं नुसतं नाव काढलं तरी माझी पिसं ताठ होतात.

आम्ही पांढऱ्या विलायती कोंबड्या. आम्हाला आई नव्हती. मी अंडं फोडून बाहेर आले ती पुण्याकडच्या एका यंत्रात. डोळे उघडले तर चारी बाजूंना पत्रा, आणि शेकडो भावंडं जिवाच्या आकांतानं चिवचिवत होती. त्याच दिवशी आम्हा पंचवीस जणींना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं आणि आगगाडीत चढवलं.

मागवणारे हे नागोराव, नांदेडकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथे ते फिटर आहेत. बोईसरला भाड्याची खोली, मागे थोडं परसू. बायको सुगंधाबाई दिवसभर एकटी, म्हणून नागोरावांनी वर्तमानपत्रातली पिलांची जाहिरात वाचून पत्र धाडलं. पण पत्रात स्टेशनाचं नाव लिहायचं तिथे त्यांनी सवयीनं तालुक्याचं लिहिलं. झालं! खोकं उतरलं पालघरला, आणि हे गृहस्थ बोईसरच्या फलाटावर वाट बघत उभे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, तोवर आम्ही पालघरच्या गोदामात होतो. अंधार, शिट्ट्या, वरून धाडकन पडणारी पोती. चौघी आमच्यातच थंड पडल्या. आम्ही त्यांच्यावरच उभ्या राहिलो, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. ती गोष्ट आठवली की अजून मला अन्न गोड लागत नाही.

सुगंधाबाईंनी आम्हाला डालग्याखाली ठेवलं आणि मध्ये पेटता कंदील. त्याची ऊब लागली आणि आम्ही सगळ्या त्याला बिलगलो. मला वाटलं, हीच आई. इतकी जवळ गेले की तापलेल्या काचेवर बोट भाजलं आणि गळून पडलं. तेव्हापासून मी लंगडी. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कंदिलाशी जाऊन बसले. दुसरं होतं कोण?

शेजारच्या झोपडीत नवसी राहते. डोंगराकडची आहे, बांधकामावर पाट्या उचलते. तिची एक काळी गावठी कोंबडी होती, आठ पिलांची आई. एकदा ती काळी अचानक घसा फोडून ओरडली, ‘किर्रर्र!’ तिची आठही पिलं एका क्षणात तिच्या पंखांखाली गडप झाली. आम्ही मात्र माना वर करून बावळटासारख्या बघत राहिलो. वरून घार आली आणि माझ्या शेजारचीला घेऊन गेली. त्या ओरडण्याचा अर्थ आम्हाला कुणी शिकवलाच नव्हता. कंदील काय शिकवणार?

त्या दिवसापासून मी काळीच्या मागे मागे फिरू लागले. ती दबली की मी दबायची. भ्यायचं कसं ते तिनं मला शिकवलं, आणि म्हणूनच मी उरले.

पुढे मानमोडी आली. माना वाकड्या करून एकेक जण गरगर फिरायची आणि पडायची. त्यातून आम्ही चौघी वाचलो, मोठ्या झालो, अंडी देऊ लागलो. सुगंधाबाईंच्या डोळ्यांत तेव्हा सबंध परसूभर पिलं नाचत होती. आमच्यापैकी कुणी खुडूक होईल, अंड्यांवर बसेल, याची त्या रोज वाट बघायच्या. पण आम्ही अंडं घालायचं, केकाटायचं आणि निघून जायचं. यंत्रातून आलेल्यांना बसणं कुठून ठाऊक?

पुढच्या उन्हाळ्यात पिसं झडली आणि अंडी बंद झाली. मग रविवार सुरू झाले. नागोरावांचे सोबती जेवायला यायचे. एका रविवारी एक गेली, दुसऱ्या रविवारी दुसरी, तिसऱ्या रविवारी तिसरी. मी खुराड्याच्या फटीतून सुरी बघितली आहे.

“आता लंगडीच ऱ्हायली,” नागोराव म्हणाले. “अंडं बी देईना अन् बसंना बी. कशाला पोसायची?”

“आठ दिस थांबा की,” सुगंधाबाई काकुळतीला आल्या. “खुडूक झाली तर पिलं निघतील. नाही झाली तर तुमच्या मनासारखं करा.”

आठ दिवस! मी खुराड्याच्या कोपऱ्यात बसून विचार केला. काळी तेव्हा पुन्हा अंड्यांवर बसलेली होती. ती कशी बसते ते मी नीट बघून घेतलं. पिसं फुगवायची, डोळे अर्धे मिटायचे, कुणी हात घातला की ‘कुर्रर्र’ करायचं. सातव्या दिवशी मी रिकाम्या गवतावर जाऊन तसंच केलं. अंगात खुडूकपणाचा लवलेश नव्हता, होती ती निव्वळ भीती.

“अहो, बसली! लंगडी बसली!” सुगंधाबाई लहान पोरीसारख्या नाचल्या.

त्याच संध्याकाळी नवसी आली. पदरात काहीतरी जपून धरलं होतं.

“बाय, माजी काळी मुंगसानं नेली. अंडी अजून ऊन हायत. तुजी बसलीय नं? घाल हिच्याखाली.”

काळी गेली. मला ओरडायचं होतं, पण खुडूक कोंबडी ओरडत नाही.

नवसीनं अंडी ठेवायला माझ्या पोटाखाली हात घातला. खऱ्या खुडूक कोंबडीचं पोट तापलेलं असतं. माझं गार होतं. तिचा हात थबकला. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं.

“कशी हाय गं?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“बरी बसलीय,” नवसी म्हणाली, आणि एकेक करून नऊ अंडी माझ्याखाली सरकवली.

काळीनं आठवडाभर उबवलेल्या त्या अंड्यांवर पुढचे दोन आठवडे मी बसले. पाय बधिर झाले, भूक लागली, उठून पळावंसं वाटलं. पण उठले की सुरी होती. आई कशी बसते ते मला कळत नव्हतं, म्हणून मी कंदिलासारखी बसले, नुसती ऊब देत, जागेवरून न हलता. कधीतरी पोटाखाली एक अंडं आतून टकटकलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्याखेरीज दुसऱ्या कुणासाठी भ्याले.

सात पिलं निघाली, सगळी काळी. परवा घार आली. माझ्या घशातून आपोआप काळीचंच ओरडणं निघालं, ‘किर्रर्र!’ आणि सातही जणं माझ्याखाली! खालून त्यांची काळजं धडधडत होती, वरून माझं.

आजचे पाहुणे भाजीभाकरीवर जेवून गेले. पण पिलं दोन महिन्यांत मोठी होतील, मला सोडून जातील, आणि पुन्हा रविवार येईल. तेव्हा पुन्हा बसावं लागेल. मी बसेन. म्हणून तुमच्याजवळ एवढंच मागते. मी खोटी बसले होते, हे नवसीनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सुगंधाबाईंना सांगू नका.