डावा खण

मनुबाईने एक पाय भिंतीला लावला आणि दोन्ही हातांनी खण ओढला. खण जागचा हलला नाही. उलट अख्खं फडताळच तिच्या अंगावर यायला लागलं.

“अवो, जरा बघता काय? रेशनकार्ड आत हाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “काल सांजपासून नुसता रुसून बसलाय.”

दामाजी कोळी उंबऱ्यात बसून चहा पीत होता. कपबशी खाली ठेवून तो उठला, बायकोला बाजूला केलं आणि खणाच्या कडेवरून बोट फिरवलं. चैत्रात त्याने हे फडताळ केलं तेव्हा खण आणि चौकट यांच्यामध्ये जेमतेम केस शिरेल एवढी फट होती. आता तीही नव्हती. पंधरा दिवसांची ओल पिऊन लाकूड टम्म झालं होतं.

“फुगलंय गो,” तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचं बोट कडेवर थांबलं. कारण हे लाकूड आणि डॉक्टरबाईंच्या जीपमधल्या खणांचं लाकूड एकच होतं. एकाच आंब्याच्या फळ्या. आणि जीपच्या डाव्या खणात साप चावल्यावरचं औषध होतं.

आता हे खण काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. दामाजी कोलशेतच्या खाडीवरचा होड्यांचा सुतार. पण सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत खाडीत मासळी उरली नव्हती, आणि मासळीच नाही म्हटल्यावर होडी कोण बांधून घेणार? एकाने सांगितली होती, त्यानेही मागाहून नको म्हटलं. फळ्या तशाच पडून राहिल्या. अशात मार्च महिन्यात डॉक्टर फेलिशिया परेरा जीप घेऊन त्याच्या दारात आल्या. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, चारी चाकांना जोर असलेली, चिखल असो की दगड, कुठेही चढणारी. त्या जीपमधून बाई मलंगगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर दवाखाना नेत. औषधं खोक्यांत भरलेली असत, आणि दर खेपेला निम्म्या बाटल्या फुटत.

“काहीतरी असं करा,” बाई म्हणाल्या होत्या, “की सामानही नीट राहील आणि वर पेशंटही झोपवता येईल.”

असलं काही बाजारात मिळत नव्हतं. दामाजीने जीपमध्ये स्वतः आडवं पडून मापं घेतली. मागचा फाळका पाडला की सरळ बाहेर येतील असे चार-चार फुटांचे दोन खण केले आणि त्यांच्यावर माणूस निजेल एवढी फळी टाकली. खणांच्या आत बाटली-बाटलीला वेगळी खाच. ओढायला होडीला बांधतात तसली दोरी. खण इतके नेमके बसले होते, की कडी लावायचीही गरज नव्हती.

टेंभी नाक्याचा बाळ मिस्त्री, टेबलं-कपाटं करणारा, सहज आला होता, तो बघून म्हणाला, “दामाजी, जरा जागा सोड रे. पावसाळ्यात लाकूड फुगून येतं.”

दामाजी त्याला हसला होता. “मी काय टेबलं करतो काय? आमची फळी फुगली की होडी बंद होते, पाणी आत येत नाय. फुगायलाच पाहिजे ती.”

चाळीस वर्षं त्याने फळीला फळी अशीच भिडवली होती. जी चीज पाण्यात फुगून घट्ट व्हावी तीच तो आयुष्यभर करत आला, आणि जी फुगूनही मोकळी राहायला हवी ती त्याने तश्शीच घट्ट केली. आणि वर त्या बिचाऱ्या बाळ मिस्त्रीची टिंगल केली.

“आज वार काय?” त्याने विचारलं.

“बेस्तरवार. का?”

गुरुवार म्हणजे जीप करवंदीपाड्याला. आणि दिवस लावणीचे. माणसं सकाळपासून गुडघाभर चिखलात, आणि बांधाबांधावर साप. दामाजीने हत्यारांची पिशवी उचलली.

“कुठं निघालात? चहा तरी संपवा.”

“मलंगला जातो. तो खण नाय उघडला ना मनू, तर कोनतरी मरंल.”

नवऱ्याचा चेहरा मनुबाईने असा कधी बघितला नव्हता. वादळात त्याचा भाऊ खाडीबाहेर अडकला होता तेव्हासुद्धा नाही. तिने नुसती छत्री आणून हातात दिली.

ठाणं, मग कल्याण, मग एस्टी. एस्टीने उतरवलं तिथून पाडा चालत तासाभरावर. वाटेत दोन ठिकाणी ओढा भरून वाहत होता, दामाजी पिशवी डोक्यावर घेऊन गेला. सबंध वाटभर तो स्वतःची समजूत घालत होता, की उघडलाही असेल, बाईंच्या ड्रायव्हरच्या, पर्सीच्या अंगात ताकद आहे, ओढला असेल आणि निघाला असेल. पण हाताला माहीत होतं. त्या लाकडावरून फिरलेल्या बोटाला पक्कं माहीत होतं, की तो उघडलेला नाही.

जीप शाळेच्या पडवीशी उभी होती. पडवीत बाई पोरांचे कान तपासत होत्या, भोवती बायांचा घोळका. ड्रायव्हर पर्सी बॉनेटला टेकून बिडी ओढत होता.

“अरे काका, तुम्ही कुठे इकडे?” तो म्हणाला. “बरं झालं आलेत. तो डावावाला सकाळपासून खुलतच नाय. लई ओढला.”

“आनि उजवा?”

“तो खुलला, रोज खेचून ढिला झालाय. तापाच्या गोळ्या, खोकल्याचं, सगळं त्याच्यातच ना. बाई बोलल्या, आजचं भागतंय, परत गेल्यावर काकांना दाखवू. टॉमीची सळई घालून फोडू काय?”

“नको, नको,” दामाजी घाईघाईने म्हणाला. “थांब. काढतो मी.”

इथे तो चुकला. खरं तर लाकडाची चूक एप्रिलमध्येच झाली होती, पण ती अजाणता. ही दुसरी चूक त्याने जाणूनबुजून केली. फळी फोडली असती तर पाच मिनिटांत काम होतं. पण फोडली की बाई विचारणार, का फोडली? मग सांगावं लागणार, की चाळीस वर्षांच्या कारागिराला पावसात लाकूड फुगतं एवढं कळलं नाही. त्यापेक्षा हळूच काढू, कडा रंधून पुन्हा बसवू, कोणाला काही कळायचं नाही. भीती एकाच वेळी सापाची होती आणि अब्रूचीही, आणि त्या घटकेला अब्रूचीच जास्त होती.

त्याने फटीला साबण लावला. दोरी कमरेला बांधून ओढलं. मोगरीने वरून, बाजूने ठोकून बघितलं. पटाशीने कडेचा पापुद्रा-पापुद्रा काढला. एक तास गेला. खण बोटभर पुढे आला आणि पुन्हा अडकला.

“येतोय,” तो पर्सीला म्हणाला. “थोडा दम धर.”

तेवढ्यात खालच्या शेतांकडून हाका आल्या.

चौघे जण घोंगडीच्या झोळीत एका बाईला घेऊन पळत येत होते. तिचा नवरा शिवराम पुढे, उघडाबंब, चिखलाने भरलेला. त्याने नाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. “पायाला डसला,” एवढंच तो सारखं बोलत होता. बायको त्याची, रतन नावाची, विशी-बाविशीची. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि शब्द तोंडातल्या तोंडात राहत होते.

“जीपवर घ्या,” डॉक्टरबाई धावत येत म्हणाल्या. “पर्सी, डावा खण.”

पर्सी दामाजीकडे बघायला लागला. बाईंनीही बघितलं. दामाजीचे हात साबणाने बुळबुळीत झाले होते.

“निघत नाय,” तो म्हणाला.

“फोडा मग.”

“औषध पुढंच हाय, बाई. काच हाय.”

“कुठल्या बाजूला?”

खाचा त्यानेच केल्या होत्या. “उजवीकडं. बारा बाटल्या.”

“मग डावीकडून फोडा. पण आत्ता.”

रतनला वरच्या फळीवर निजवलं होतं. तिचा हात कडेवरून खाली, अगदी त्याच्या तोंडासमोर लोंबत होता. बोटांना रोपांचा चिखल तसाच. दामाजीने पिशवीतून वाकस काढला. होडीचा ओंडका तासायचं ते हत्यार. पहिला घाव बसला तसं आत काहीतरी खळ्ळकन वाजलं. दुसरा घाव. तिसऱ्याला फळी उभी चिरली. त्याने भेगेत हात घातला आणि चाचपडत एकेक बाटली बाहेर काढून बाईंच्या ओंजळीत दिली.

नऊ निघाल्या. तीन त्याच्याच घावाने गेल्या होत्या.

“सुरुवातीला एवढ्या पुरतात,” बाई म्हणाल्या. त्यांचे हात तोवर कामाला लागलेच होते. “बाकीचं कल्याणच्या हॉस्पिटलात. पर्सी, गाडी काढ. दामाजी, तुम्ही ही सलाईनची बाटली वर धरा. खाली आणायची नाही.”

कल्याणपर्यंत दामाजीने बाटली धरली. जीप ओढ्यातून हेलकावे खात जात होती, खांदे भरून आले, हाताला मुंग्या आल्या, पण हात बदलायचाही त्याला धीर झाला नाही. समोर रतनची छाती वरखाली होत होती. मध्येच ती थांबल्यासारखी वाटायची आणि दामाजी वाकून बघायचा. मनात एकच हिशेब चालला होता. एक तास. आपण साबण लावत बसलो तो एक तास. फळी तेव्हाच फोडली असती, तर झोळी आली त्या क्षणी सुई टोचली असती, आणि बाराच्या बारा बाटल्या असत्या. मलंगवाडीचा चढ संपेपर्यंत त्याने कुलदेवतेला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा तिच्याकडे मागायला तोंड नाही असं वाटून गप्प झाला.

हॉस्पिटलात रतनला आत नेलं. दामाजी आणि शिवराम बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसले. घंटाभराने डॉक्टरबाई बाहेर आल्या.

“डोळे उघडतेय,” त्या शिवरामला म्हणाल्या. “पण उद्या सकाळपर्यंत मी काही बोलणार नाही.”

त्या आत वळल्या तसा दामाजी उठून त्यांच्या मागे गेला. “बाई, लाकूड मी चुकीचं बसवलेलं. आनि पाड्यावर तासभर मी फोडलं नाय. चूक दिसंल म्हनून. पर्सी सांगत होता फोडू म्हनून.”

बाई थांबल्या. खूप दमल्या होत्या. त्या रागावतील असं दामाजीला वाटलं, त्यांनी रागवावं असंही वाटलं.

“सकाळी तो उघडत नाही हे मलाही कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा म्हटलं, परत गेल्यावर बघू.” आणि त्या आत गेल्या.

दामाजी परत येऊन बसला. शिवरामने विचारलं, “काय म्हनल्या?”

“मी त्यांना सांगितलं. आता तुलाबी सांगतो. मी आधीच फोडायला पायजे होतं ते. उशीर माझ्यामुळं झाला.”

शिवरामने त्याच्याकडे बघितलं. त्याला त्यातलं काही कळलं नसावं. त्याने बघितलं होतं ते एवढंच, की एका म्हाताऱ्याने वाकस उचलला, फळी फोडली आणि आतून औषध निघालं.

“तुमी तुमचं नवंकोरं काम फोडलंत, बाबा,” तो म्हणाला. “आमच्यापायी.”

आणि दामाजी पाय मागे घेईपर्यंत त्याने वाकून त्याच्या पायांना हात लावला.

“नको रे. नको,” दामाजी म्हणाला.

शिवरामने कमरेचं फडकं सोडलं. आत नाचणीच्या दोन भाकऱ्या होत्या, मधोमध लसणीची चटणी. “शेतावर खायला तिनं बांधल्या होत्या. दोघांच्या,” तो म्हणाला. “तुमीपन सकाळधरनं उपाशी असाल.” एक भाकरी त्याने दामाजीच्या हातावर ठेवली.

दामाजीने तुकडा मोडून तोंडात घातला. उरलेली भाकरी परत फडक्यात ठेवायला त्याने हात पुढे केला. शिवराम अजून त्याच्याकडेच बघत होता, म्हणून त्याने दुसरा तुकडा मोडला.