गालीलच्या मांडवातला धवला

ही गोष्ट दोन हजार सतरा सालची. उलव्याचा डोंगर तेव्हा अजून पुरता सपाट झाला नव्हता. विमानतळासाठी सुरुंग लागायचे आणि इकडे पनवेलात, वडाळे तळ्यामागच्या गल्लीत, वसुंधराबाईंच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. तावदानं थरथरली की दयाराम कानावरचे हेडफोन काढून म्हणायचे, "वसू, थांब. पुन्हा पहिल्यापासून."

दयाराम म्हणजे बाईंचे यजमान, एसटी डेपोतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या होत्या आणि दाराला गोधडी लावली होती. पंखा आवाज करतो म्हणून बंद. आत बसलेला माणूस घामाने निथळायचा. त्या खोलीत 'दिवेलागण' तयार व्हायचं. पंधरा मिनिटं, आगरी बोलीत, बायबलातली एक गोष्ट आणि एखादं गाणं. ते पुण्याच्या कचेरीत जायचं आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरच्या मनोऱ्यावरून, रेडिओच्या खरखरीत, दर गुरुवारी संध्याकाळी परत इथंच यायचं. पनवेलात बोललेलं एवढा समुद्र ओलांडून शेजारच्या गव्हाण गावात ऐकू येतं, याचं बाईंना इतक्या वर्षांनीही नवल वाटे. उरणचे कोळी होडीत ऐकायचे. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत खोळंबलेले ट्रेलरवाले ऐकायचे.

हे सगळं चालायचं तांदळावर. चर्चच्या मंडळीतल्या बायका भात करताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायच्या. रविवारी डबे यायचे, तांदूळ विकला जायचा, आणि त्यावर रेडिओचा खर्च निघायचा. त्या डब्यांत एक डबा गव्हाणच्या जनीचा असे.

जनी काही ख्रिस्ती नव्हे. घरात देव्हारा, चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेची यात्रा, सगळं रीतसर. तिचा नवरा काशीराम मिठागरात राबायचा आणि संध्याकाळी बांधावर बसून हाच रेडिओ ऐकायचा. तो गेल्यावर रेडिओही तिच्याकडे आला आणि सवयही. "फुकाट कसा आयकायचा? मूठ टाकायला नको?" एवढंच तिचं म्हणणं. वसुंधराबाईंनी उभी हयात गव्हाणच्या शाळेत शिकवलं, तेव्हापासूनची ही मैत्री. बाई तिला जनी म्हणत, ती बाईंना बाई.

आणि जनी धवलारीण होती. आगऱ्यांचं लग्न हळदीपासून जी बाई गाऊन लावते ती धवलारीण, तिचं गाणं म्हणजे धवला. भटजींना उशीर झाला तर लोक चहा पितात. धवलारणीला उशीर झाला तर मांडवात रडारड होते.

जानेवारीत एका सकाळी जनी सुके बोंबील घेऊन आली. आत गालीलातल्या काना गावच्या लग्नाची गोष्ट चालली होती: येशू आईबरोबर लग्नाला जातो, द्राक्षारस संपतो, आणि तो पाण्याचा द्राक्षारस करतो. जनीने सगळं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, यो लगीन झाला का नाय झाला?"

"झालं की."

"मंग धवला कोनी बोलला?"

बाईंनी हातातल्या बायबलाचं पान उलटलं. शुभवर्तमानात त्याचा उल्लेख नाही, हे कसं सांगावं?

"धवल्याबिगर लगीन? पोरीचा नशीब बघा! आनी मांडवान दारू सरली मंजे काय तमाशा व्हतो ते मना विचारा. पन त्याची आयस हुशार. बोभाटा नाय केला, गपचूप पोराच्या कानावर घातला."

"मग तूच म्हण धवला," बाई सहज बोलून गेल्या.

जनीने पदर खोचला, गादीला पाठ टेकून बसली आणि त्या बिनधवल्याच्या लग्नाची राहिलेली रीत तिने पुरी केली. दयारामांनी बटण दाबलं होतंच.

पयला मान गो गनरायाला,
दुसरा मान गो एकईरा आयला,
तिसरा मान गो गावदेवीला,
चला गो आयांनो, गालीलच्या मांडवाला.

मग हळद, मग पाण्याचे रांजण, मग आईचं लेकाला सांगणं. चूक झाली ती देवांना मान देणाऱ्या पहिल्या चार ओळींत, आणि ती गव्हाणच्या शाळेत आयुष्य काढलेल्या बाईंच्याच हातून व्हावी अशी होती. मांडवात आधी देवांना बोलवायचं ही रीत बाईंच्या कानांवरून इतक्या लग्नांत गेली होती, की दारातल्या रांगोळीकडे जसं लक्ष जात नाही तसं त्यांचं त्या ओळींकडे गेलं नाही. पुण्याच्या कचेरीत आगरी कुणाला कळत नव्हतं. धवला गुरुवारी साऱ्या किनाऱ्यावर वाजला.

ऐकणाऱ्या कुणीतरी पुण्याला कळवलं, आणि पुढच्या सोमवारी कृष्णकांत आले. कचेरीतले कार्यक्रम पाहणारे, सज्जन, नाकासमोर चालणारे गृहस्थ.

"सलाम, वसुंधराताई. बसत नाही. मला फक्त सांगा, पहिली आज्ञा कोणती?"

"मला विचारताय? 'माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत.' तुमच्या बायकोला ती संडे स्कूलमध्ये मीच शिकवलीय. बसा."

ते बसले. तेवढ्यात दारात निकेश. जनीच्या थोरल्या दिराचा मुलगा, बंदरावर ट्रेलर चालवणारा नव्हे, ट्रेलर असलेला. गळ्यात सोन्याची साखळी.

"बाई, तुमी मना शिकवलाव म्हनून हलू बोलतो. आमच्या एकईरा आयला परस्पर किरिस्तांवांच्या लग्नाला कोनी नेला?"

"अगदी बरोबर!" कृष्णकांत उठलेच. "मीही तेच म्हणतोय. नेऊच नये!"

"तुमी कोन?"

"मी रेडिओचा."

"मंग तुमालाच शोधत व्हतो."

बाई चहा टाकून बाहेर येईपर्यंत दोघांचं गुळपीठ झालं होतं. कृष्णकांतांनी माफीचा मजकूर तिथल्या तिथे तयार केला, निकेशने त्यात दोन कडक शब्द घातले, आणि दोघांनी एकाच बशीतली नानकटाई संपवली. येत्या गुरुवारी दोन्ही बायकांनी रेडिओवर माफी मागायची.

"आणि नाही मागितली तर?" बाईंनी विचारलं.

"तर ती वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला जाईल, ताई. वर फार नाराजी आहे."

"आनी माज्या भैनीच्या, पूर्वीच्या लग्नात काकी धवला बोलनार नाय," निकेश म्हणाला. "गावची मानसा मना इचारतान, तुमची धवलारीण बाटली काय? मी दुसरी सांगून ठेवलीय."

बाईंना जास्त लागलं ते हे दुसरं. पूर्वी ही निकेशची धाकटी बहीण. तिची आई लवकर गेली आणि पोरीला न्हाऊ-माखू घातलं जनीने. त्या लग्नासाठी जनी गेली दोन वर्षं नव्या ओळी जुळवत होती.

जनी आली ती तांदळाचा डबा काखेत घेऊनच. तिने पाव्हण्याला पाहिलं, पुतण्याच्या हातातला कागद पाहिला आणि खाली बसली. "वाच," म्हणाली.

निकेशने वाचलं. एकवीरा आईला परक्या मांडवात बोलावण्याची गंभीर चूक, वगैरे.

"निक्या, बोलावल्या पावन्याला 'चुकून बोलावला, परत जा' असा कोन सांगतो रे? तुजी हिंमत असल त कारल्याच्या पायऱ्या चढ, आनी तूच सांग आयला."

"काकी, तसा नाय..."

"कसा नाय? आनी तुमी भाऊ," ती कृष्णकांतांकडे वळली, "दारू सरली तवा तुमचा देव तोंड फिरवून गेला काय? उलटा सगला निस्तरला. मंग माजी आय दारान आली त त्यो तिला हाकलून देल?"

"बाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचा मना नाय कलत. मांडवाचा कलतो."

कृष्णकांतांनी खिशातून पेन पुन्हा काढलं. ते वाईट नव्हते. त्यांनी मार्ग काढला. "असं करू. माफी नको. फक्त त्या पहिल्या चार ओळी कापू आणि पुन्हा लावू."

"कापू?" निकेश ताडकन उठला. "आमच्या आयला कापनार? हात लावून बघा!"

"अहो, मग तुम्हाला काय हवंय?"

"तुमचा लगीन कापा!"

"लग्न कापून उरलं काय?"

दारात उभे असलेले दयाराम हसले, आणि मग त्यांना हसू आवरेना. वसुंधराबाई मात्र हसल्या नाहीत. पंधरा मिनिटं गेली तर किती घरांतली संध्याकाळ मुकी होईल हे त्यांना ठाऊक होतं. जनीचा मान गेला तर काय होईल हेही ठाऊक होतं. त्यांनी माफीचा कागद उचलला, नानकटाईच्या बशीखाली सरकवला आणि म्हणाल्या, "अहो, गोधडी लावा. रेकॉर्डिंग करायचंय. तुम्ही दोघंही आत चला, प्रत्यक्षच ऐका."

दोघांना वाटलं, म्हातारी वळणावर आली. सगळे आत गेले, भिंतीला गाद्यांसारखे चिकटून बसले. पंखा बंद झाला. दयारामांनी बोट वर केलं, म्हणजे आता खोकायचंसुद्धा नाही.

"मंडळी," बाई माइकमध्ये म्हणाल्या, "मागच्या गुरुवारी तुमी धवला आयकलाव. कुनाला त्यो आवडला, कुना-कुनाला खटाकला. ज्यांना खटाकला तेंनी आज नीट बसून आयकावा. जनी, बोल."

आणि जनी बोलली. गणरायापासून, एकवीरेपासून, एक ओळ न गाळता. निकेशने तोंड उघडलं, दयारामांनी बोट वर केलं, त्याने मिटलं. शाळेतल्या बाईंसमोर आणि चालू माइकसमोर कोण बोलणार? कृष्णकांत कपाळ पुसत राहिले. मधेच उलव्याला सुरुंग झाला, तावदानं थरथरली. दयारामांनी जनीला थांबवलं नाही.

"आमच्याकडून हेच येईल," बाई शेवटी कृष्णकांतांना म्हणाल्या. "लावा, नाहीतर नका लावू."

त्यांनी लावलं नाही. त्या गुरुवारी गव्हाणात रेडिओ लावणाऱ्यांना भलत्याच भाषेतलं व्याख्यान ऐकू आलं, आणि पुढच्या गुरुवारीही. 'दिवेलागण' गेलं ते गेलंच.

मे महिन्यात पूर्वीचं लग्न निघालं. हळदीला दुसरी धवलारीण आली, डीजेचे खोके आले. पूर्वी पाटावर बसली, आणि बायका हळदीची वाटी घेऊन पुढे आल्या तशी तिने हात आखडून घेतले.

"काकी बोलल्याबिगर मी हलद लावून घेनार नाय."

समजुती झाल्या, दटावणी झाली, नवऱ्याकडचे येऊन थांबले. शेवटी निकेश स्वतः जनीच्या दारात गेला. ती नऊवारी नेसून, अंबाडा घालून, तयारच बसली होती.

मांडवात पुढच्या रांगेत वसुंधराबाई आणि दयाराम. जनीने गणरायाला मान दिला, एकवीरेला दिला, गावदेवीला दिला. आणि एरवी जिथं हळद सुरू होते तिथं तिने श्वास घेतला.

चवथा मान गो मरियेच्या पोराला,
आमच्या आयला त्यानी मांडवान बसवला,
चल र देवा, गव्हानच्या मांडवाला.

निकेश पुढे आला. "काकी! ये काय?"

"रीत हाय," जनी गाण्याच्याच सुरात म्हणाली. "त्येंच्या लग्नाला आपली आय गेली. आता आपल्या लग्नाला तेंना नको बोलवायला? मानपान कलत नसल त गप बस."

धवल्याची ओळ मागच्या बायकांनी झेलायची असते. क्षणभर कुणी झेलली नाही. मग दुसऱ्या धवलारणीनेच, जिला निकेशने बोलावलं होतं तिनेच, ओळ उचलली. आणि मग सगळ्यांनी. पूर्वीने हात पुढे केले.

कृष्णकांत पुढे कचेरी सोडून नगरकडे एका मंडळीचे पाळक झाले. त्यांनी एकदा फोन करून ते रेकॉर्डिंग मागितलं. "चार ओळींसकट," असं स्वतःच म्हणाले. निकेशने माफी वगैरे मागितली नाही, पण स्वतःच्या लग्नात धवला बोलायला काकीलाच खुर्ची दिली, आणि चौथा मान आला तेव्हा मोबाइल बघत राहिला. पूर्वी उरणला असते आणि आता धवला बोलते. जनी थकली, तिला एकवीरेच्या पायऱ्या चढवत नाहीत. ती गव्हाणात ओटीवर बसून पूर्वीच्या चुका काढते.

दयाराम कोरोनात गेले. जाण्याआधी त्यांनी सगळे जुने कार्यक्रम मेमरी कार्डांवर उतरवून ट्रेलरवाल्यांना वाटले होते. न्हावा शेव्याच्या रांगेत ते अजून वाजतात. मंडळीतल्या बायका अजून मूठ टाकतात, जनीचा डबाही येतो, आणि नवी कार्डं त्यावरच निघतात.

वसुंधराबाई त्याच खोलीत, त्याच गाद्यांत बसून बोलतात. सुरुंग संपले; आता डोंगराच्या जागेवरून विमानं उठतात आणि तावदानं सुरुंगांपेक्षाही जोरात थरथरतात. बाई थांबत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरूही करत नाहीत.