सुनावणी नको

घोडेवाल्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची मनापासून भीती होती: कुणीतरी आपल्याला सुनावण्याची. लहानपणी वडील सुनावत, शाळेत मास्तर सुनावत, आणि लग्नानंतर हे खातं बायकोने आपल्याकडे घेतलं आणि अगदी चोख सांभाळलं. लाकूड मात्र उलटून बोलत नाही. म्हणून ते सुतारकामात रमले आणि लहान मुलांसाठी डुलणारे लाकडी घोडे, आणि जोडीला थोडी छोटी बाकं, करू लागले. लोकांनी 'घोडेवाले' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

अशा या माणसाला जीएसटी खात्याची नोटीस आली. खात्याचं म्हणणं असं की, तुमचा घोडा खेळणं नाहीच, ते फर्निचर आहे. त्याला पाठीमागे फळी आहे, कमरेला पट्टा आहे, पाय ठेवायला दांडी आहे. फर्निचरला कर जास्त, आणि तो मागच्या सगळ्या विक्रीवर, वर दंड. एवढं भरायचं तर कारखान्याची खोली विकावी लागली असती, आणि खोली गेली की घोडेही गेले. बायकोचा धाकटा भाऊ करसल्लागार होता. त्याने उत्तर तयार केलं आणि ते ऑनलाइन भरता भरता फोन केला.

"भाऊजी, एक विचारायचं राहिलं. सुनावणी हवी की नको?"

घोडेवाल्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. सरकारी कचेरीत बोलावून, चारचौघांत उभं करून सुनावणार, आणि वर विचारतात, हवं की नको!

"नको," ते म्हणाले. "मुळीच नको. काय ते लेखी कळवा म्हणावं."

भाऊजींनी विचार करून सांगितलं असेल असं मेहुण्याला वाटलं. त्यांच्याबद्दल असा गैरसमज सहसा कुणाचा होत नसे. त्याने 'नको'वर खूण करून उत्तर पाठवून दिलं. तिकडे अधिकाऱ्यालाही बरंच झालं. त्याने कुणाला न बोलावता, न विचारता आदेश काढला की घोडा म्हणजे फर्निचर, आणि फाईल बंद केली.

घरात मात्र तेव्हाच तोंडं उघडली. बायकोने आधी भावाला फैलावर घेतलं. सुनावणी मागितली का नाहीस, म्हणून त्याला अगदी नको जीव केला. त्याने भाऊजींकडे बोट दाखवलं. घोडेवाले हातातल्या रंध्याची धार फार बारकाईने बघू लागले, पण बायकोपुढे तो उपाय कधीच चालला नव्हता. शेवटी त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बायको खो खो हसली. मग हसता हसता गप्प झाली, कारण नवऱ्याला हा अर्थ कुणी शिकवला ते तिच्या ध्यानात आलं होतं.

"अहो, सुनावणी म्हणजे ते आपलं ऐकतात," ती हळूच म्हणाली. "बोलायचं तुम्ही."

घोडेवाल्यांना हे इतकं नवीन होतं की त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मेहुण्याच्या जिवाला ती खूण लागून राहिली होती. त्याने कायदा पुन्हा बैजवार वाचला आणि घोडं कुठे अडलंय ते त्याला सापडलं. निकाल माणसाच्या विरोधात जाणार असेल, तर त्याने मागितलेलं असो वा नसो, आधी त्याचं ऐकून घ्यावंच लागतं. त्याने 'नको' म्हटलं म्हणून खात्याची सुटका होत नाही. तो हा मुद्दा घेऊन कोर्टात गेला, आणि कोर्टालाही ते पटलं. आदेश रद्द झाला, आणि आता माणसाला बोलावून, ऐकून, मग काय ते ठरवा, असं सांगून प्रकरण परत कचेरीत आलं.

तारखेला तिघं गेले, आणि चौथा घोडा. आपलं बोलणं तिथे आटलं तर घोडा तरी समोर असावा, म्हणून घोडेवाल्यांनी तो आणला होता. लिफ्टमध्ये तो आडवा मावेना आणि उभा राहीना. शेवटी त्याला डोक्यावर घेऊन ते जिना चढले.

नवीन अधिकारी एक तरुण बाई होत्या. मेहुण्याने घसा साफ केला, तेवढ्यात बायकोने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. ती स्वतःही गप्प बसली, आणि हे तिला किती जड जात होतं ते तिच्या मानेवर दिसत होतं.

"बोला काका," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

घोडेवाल्यांनी वाट पाहिली. आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार, अशा तयारीने त्यांनी खांदे आत घेतले होते. पण बाई थांबल्या त्या थांबल्याच. कुणी आपल्यासाठी एवढं गप्प बसलंय हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांना भरून आलं, आणि मग त्यांची जीभ सुटली. लाकूड कुठलं, रंग कसला, मुलाने तोंडात घातलं तरी का चालतं, सगळं त्यांनी सांगितलं.

बाईंनी मधे एकदाच अडवलं, पण मुद्द्यावर अडवलं. तुमच्याच बिलांवर 'घोडाखुर्ची' असं लिहिलंय, ते का? बायकोचा चेहरा पडला. बिलं तीच लिहायची. घोडेवाले म्हणाले की फळीवाला आणि बिनफळीचा असे दोन घोडे आहेत, ते वेगळे कळावेत म्हणून घरात पडलेलं ते नाव. फळी मूल मागे पडू नये म्हणून आहे, टेकून बसायला नाही.

"टेकून बसलं तर घोडा चालतच नाही, बघा ना," ते म्हणाले. "खुर्चीवर बसलं की माणूस जागेवर राहतो. ह्याच्यावर बसलं की पोर कुठंतरी जातं."

"कुठे?"

"ते त्यालाच ठाऊक. पण जागेवर नसतं."

बाईंनी घोड्याची पाठ मागे दाबून धरली, घोडा जागचा हलेना. मान पुढे दाबून सोडली. तो डुलू लागला. मग त्यांनी बराच वेळ लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता डाव्या हाताने त्याला डुलवतच राहिल्या.

आदेश आला तेव्हा घोडेवाल्यांनी तो उभ्यानेच वाचला. घोडा खेळणं ठरला होता. त्याच बिलांवरची छोटी बाकं मात्र फर्निचरच धरली होती, पण त्यांचा कर खोली न विकता भरण्यासारखा होता. बाक म्हणजे बाकच, त्यात त्या बाईंचं काय चुकलं, असं त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केलं. 'त्यांचे म्हणणे ऐकले' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. दिवसभर ते रंध्याच्या तालावर काहीतरी गुणगुणत होते.

संध्याकाळी जेवायला बसताना त्यांच्या बाहीतून भुसा थेट ताटात सांडला. बायकोने तोंड उघडलं. घोडेवाल्यांनी सवयीने खांदे आत घेतले. तिने ते पाहिलं, तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"बरं, बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी ऐकते."

घोडेवाल्यांनी भुशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बाजू मांडण्यासारखं त्यांना काही म्हणजे काही सुचेना. बायकोने वाट पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली, आणि मग ते ताट उचलून दुसरं मांडलं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढची तारीख देते."